रॉक आवडतं म्हणूनच विचारतोय: हे रडगाणं अजून किती वर्षं?

साउंडवाला, शहापूर:

साउंडच्या धंद्यात मला २० वर्षं होत आली. गणपतीचे अकरा दिवस, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, लग्नं, नाटकं, कॉलेजची गॅदरिंग, सगळं केलं. पण जीव जडला तो रॉकवर. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड बेंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर आला, तेव्हा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दाराशी बसून गेलो होतो. परतलो तेव्हा घसा पार बसला होता आणि पुढचे चार दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटत होतं. तेव्हा हे लिहिणं म्हणजे रॉक न आवडणाऱ्या माणसाची कुरकुर समजू नका.

गेल्या आठवड्यात इथल्याच, बेळगावातल्या एका कॉलेजात बँडची स्पर्धा होती. साउंड माझं. सहा बँड होते. पाच जणांनी स्वतः रचलेली गाणी म्हटली, सगळी इंग्रजीत. पाचही गाण्यांत एकच: मी आतून रिकामा आहे, मला कोणी समजून घेत नाही, सगळीकडे अंधार आहे, मी बुडतोय.

त्यातला एक पोरगा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हनुवटी छातीला टेकवून गात होता, माइक तोंडापासून वीतभर लांब. मी माइकचा गेन वाढवला, आणखी वाढवला, शेवटी त्याच्यासमोरचा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, शिट्टी मारायला लागला. धावत स्टेजवर जाऊन त्याच्या कानात सांगितलं, माइकजवळ ये, आवाज पोचत नाही. त्यानं मान हलवली आणि पुन्हा तसाच उभा राहिला. आवाज चांगला होता हो त्याचा! खर्जात तर फारच सुंदर. पण समोरच्या तीनशे पोरांपर्यंत तो पोचवावा असं त्याला वाटतच नव्हतं.

नव्वदीत अमेरिकेतल्या सिएटलमधून जे उदास रॉक आलं, त्या पिढीचं दुःख खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन १९९४ मध्ये २७ वर्षांचा असताना गेला. ॲलिस इन चेन्स बँडचा लेन स्टेली २००२ मध्ये गेला. ती माणसं जळत होती आणि तेच गात होती. पण त्यांच्यामागून ३० वर्षं जे येतंय, तो त्या दुःखाचा नुसता साचा आहे. त्यात कोणीही काहीही ओततो आणि बाहेर तेच काळं खेळणं पडतं.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. पहाटे जात्यावर बसायची, समोर तिची जाऊ. एकाच खुंट्याला दोघींचे हात. तिच्या ओव्यांत सासुरवास होता, गेलेलं लेकरू होतं, रिकामी कणगी होती. पण प्रत्येक ओवी कुणाला तरी सांगितलेली असायची. भावाला, आईला, विठ्ठलाला, नाहीतर समोरच्या जावेला. दळण संपेपर्यंत तिचं मन हलकं झालेलं असायचं. आता त्या पाच गाण्यांत बघा, दुसरा माणूसच नाही. मी, मी आणि मी. दुःख गाण्याला माझी हरकत नाही, दुःख ही तर गाण्याची जुनी सोयरीक आहे. स्वतःचीच कीव करत बसणं मला सहन होत नाही.

मेडनचं बालाक्लाव्हाच्या लढाईवरचं गाणं आठवा. १८५४ चं युद्ध, तोफांच्या तोंडी जाणारा घोडेस्वार. गाणाऱ्याला मरण दिसतंय, तरी घोडा पुढेच. आपल्या भाषेत याला पोवाडा म्हणतात. आणि ओएसिस बँडचा नोएल गॅलहर. मँचेस्टरच्या साध्या वस्तीत, बापाचा मार खात वाढलेला. निर्वाणाचं ते स्वतःचा द्वेष करण्याचं, मरायची इच्छा सांगणारं शीर्षक ऐकून तो वैतागला होता आणि त्यानं उलट सदा जगण्याचं गाणं पुढे केलं, १९९४ मध्येच. कीव करायला त्याच्याकडे काय कमी कारणं होती?

हे मला एकट्यालाच खटकतंय, की तुम्हालाही?

अनगोळचा भाऊ:

शंभर टक्के बरोबर बोललास बघ मर्दा. आमच्या रूमवरचा पोरगा रात्री एक-एक वाजेपर्यंत तेच ऐकालाय. सकाळी तोंड बघितलं तर घरात कोण तरी गेल्यासारखं. काय झालं रे विचारलं तर म्हणतोय, काय नाही, गाणंच तसलं आहे. मग कशाला ऐकतोस बाबा? ढोल लाव, ताशा लाव, उठून उभा राहा की.

खानापूरची लेक:

दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आजीची ओवी मनाला लागली, पण तिच्यातून तुम्ही जे काढलंत ते मला पटत नाही.

मी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, नापास झाले तेव्हा टिळकवाडीत मामाकडे राहत होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सायन्स इंग्रजीत, वर्गात बाई काय बोलतायत त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. निकालाच्या दिवशी घरात कोणी ओरडलं नाही. त्याहून वाईट झालं, कोणी बोललंच नाही. मामींनी ताट वाढलं आणि त्या आत निघून गेल्या. जुलैचा आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्या पावसात, ओल आलेल्या भिंतीशी बसून, मामेभावाच्या मोबाइलवर मी लिंकिन पार्क हा अमेरिकन बँड ऐकला. हायब्रिड थिअरी, २००० सालचा अल्बम. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं. पण तो माणूस ओरडत होता आणि मला ओरडता येत नव्हतं, एवढं कळलं.

त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन, त्यानं लहानपणी सोसलेल्या अत्याचाराबद्दल पुढे स्वतः सांगितलं होतं. ते मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. २०१७ मध्ये तो गेला, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

तुम्ही म्हणता गाण्यात दुसरा माणूस नाही. दादा, दुसरी मी होते. तुमच्या आजीसमोर जाऊबाई बसलेल्या होत्या, खुंट्याला त्यांचा हात होता. माझ्यासमोर कोण होतं? ज्या गाण्यात फक्त "मी" असतो, त्या "मी"च्या जागी ऐकणारी स्वतःला बसवू शकते. म्हणूनच ती गाणी लाखो एकट्या पोरांना आपली वाटतात. त्यांना रडगाणं म्हणू नका.

उद्यमबाग दुसरी पाळी:

मी फाउंड्रीत पोअरिंगला आहे. माझं म्हणणं दोघांपेक्षा जरा वेगळं.

काळोखाचं रॉक कुठून आलं ते बघा. बर्मिंगहॅम. कारखान्यांचं गाव, आमच्यासारखंच. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयॉमी तिथं शीट मेटलच्या कारखान्यात होता. वय १७. कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्याच्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत भाजून निकामी झालेली, तरी तो गिटार वाजवायचा. मग आयॉमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जाकिटाचं चामडं चिकटवलं. बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. त्यातून तो जड, गडद आवाज आला. त्यांचा पहिला अल्बम १९७० चा.

माझ्या मेव्हण्याची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही. सहा महिने तो हात रुमालाखाली लपवून फिरायचा, लग्नकार्यात जेवायला पंगतीत बसायचा नाही. त्याला मी आयॉमीची गोष्ट सांगितली. गिटार काय त्याला वाजवायची नव्हती, पण "फोरमन रेकॉर्ड घेऊन आला" हे त्यानं मला तीनदा सांगायला लावलं.

आमच्याकडे लेडलमधून साच्यात लोखंड ओततो तेव्हा साच्याच्या भोकांतून निळ्या ज्वाळा निघतात आणि जळक्या वाळूचा वास छातीत बसतो. घरी जाऊन अंघोळ केली तरी तो वास जात नाही. सॅबथ ऐकलं की मला तोच वास येतो. ते गाणं काळंच आहे, पण त्यात कीव नाही. गडदपणा आणि रडकेपणा एकाच पोत्यात घालू नका, एवढंच सांगायचं होतं. साउंडवाले, तुम्ही ते घातलंय.

वाचनालयातला कोपरा:

धागालेखकानं कोबेनवर जरा अन्याय केला आहे. ज्या शीर्षकाचा उल्लेख केला, ते आपण थट्टेनं ठेवलं होतं असं कोबेननं स्वतः सांगितलं होतं. लोक आपल्याला सदा रडणारा, जिवावर उदार झालेला समजतात, त्याची ती थट्टा होती. पुढे जे घडलं त्यामुळे ती थट्टा उरली नाही, पण शीर्षक ठेवताना तो कीव मागत नव्हता.

दुसरं असं. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये निर्वाणाचा जो अनप्लग्ड, म्हणजे साध्या गिटारींवरचा, कार्यक्रम झाला, त्यात स्टेजवर लिलीची फुलं आणि मेणबत्त्या होत्या. शेवटी कोबेननं आपलं गाणं म्हटलं नाही. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातलं एक जुनं लोकगीत म्हटलं, जे लेड बेलीनं गाजवलं होतं. लेड बेली म्हणजे तुरुंग भोगलेला, १९४९ मध्ये वारलेला काळा लोकगायक. ज्याला तुम्ही दुःखाचा साचा म्हणता, त्याचा मूळ पुरुष स्वतः एवढा मागे जाऊन लोकगीत शोधत होता.

आणि स्वतःचं हीनपण उगाळणं आपल्याला नवं आहे का? समर्थांची करुणाष्टकं आपण शाळेत हात जोडून म्हटली. त्यात मी पतित, मी अपराधी, माझा जन्म वाया गेला, हेच आहे. त्याच समर्थांनी मनाचे श्लोकही लिहिले. एकाच माणसाला दोन्ही लागतं.

साउंडवाला, शहापूर:

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

उद्यमबागवाले, मान्य. गडद आणि रडकं यांत मी गल्लत केली. सॅबथ माझ्याही घरात आहे. फोरमनची गोष्ट मला माहीत नव्हती आणि ती वाचल्यापासून मीही दोघाचौघांना सांगितली.

कोपरेवाले, त्या लोकगीताबद्दल तुम्ही माझीच बाजू पक्की केलीत. ते गाणं मी शंभर वेळा ऐकलंय. त्यात एका मुलीला विचारलेला प्रश्न आहे: खरं सांग, काल रात्री कुठं होतीस? म्हणजे समोर कोणीतरी आहे! कोबेनचा आवाज सगळ्यात खरा फाटतो तो तिथं, दुसऱ्या माणसाला विचारताना. करुणाष्टकांचंही तेच. कितीही स्वतःला कमी लेखलं तरी प्रत्येक श्लोकात रामाला हाक आहे. हाक आणि कण्हणं यांत फरक आहे.

ताई, तुम्हाला काय लिहावं ते दोन दिवस सुचलं नाही. तुम्ही त्या भिंतीशी बसला होतात, ते गाणं तुम्हाला धरून होतं, आणि मी इथं बसून त्याला रडगाणं म्हणतोय. तुमच्यापुरता तो शब्द मागे घेतो. पण चेस्टर ओरडत होता हे तुम्हीच लिहिलंत. पूर्ण छाती भरून, माइक तोंडाला लावून. माझं भांडण हनुवटी छातीला टेकवण्याशी आहे.

सुळेभावीकडचा म्हातारा:

मला तुमचं रॉक कळत नाही, नातू वाचून दाखवतो. पण दुःख आणि गाणं हा विषय निघाला म्हणून लिहून घे म्हटलं.

आमच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र कोमकली जन्मला. लहानपणीच गाण्यानं लोकांना वेड लावलं, म्हणून कुमार गंधर्व नाव पडलं. ऐन उमेदीत क्षय झाला. एक फुफ्फुस कामातून गेलं. देवासला अंथरुणावर पडून सहा वर्षं गाणं बंद. गवयाला याहून मोठी शिक्षा कोणती? त्या अंथरुणावरून ते बाहेरचं ऐकत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची माळव्याची लोकगीतं, भजनं म्हणत फिरणारे. पुन्हा गायला लागले तेव्हा तेच गायले, कबीर गायले. श्वास तोकडा पडायचा म्हणून छोट्या-छोट्या तुकड्यांत तान घेतली आणि तीच त्यांची ओळख झाली. माझं फुफ्फुस गेलं हो, असं एक गाणं त्यांनी केलं नाही.

साउंडवाल्या पोराचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

खानापूरची लेक:

काका, नमस्कार. कुमारांचं नाव निघालं की आपण बेळगावकर मान ताठ करतो, मीही करते. पण एक विसरू नका. त्या सहा वर्षांत त्यांच्या उशाशी भानुमतीबाई होत्या, त्यांनी जिवाचं रान करून सेवा केली. ऐकायला बाहेर माळवा होता. आणि ते कुमार गंधर्व होते! सतरा वर्षांच्या नापास पोरीसमोर हे उदाहरण ठेवलं तर तिला बळ येत नाही, तिला वाटतं की आपण रडण्याच्याही लायकीचे नाही. आपल्या घरांत हेच होतं. शिवाजी महाराजांनी काय सोसलं, संभाजी महाराजांनी काय सोसलं, आजोबांनी सीमालढ्यात काय सोसलं, मग तुला काय धाड भरली? मला अशीच वाक्यं ऐकवली होती. खोटी नव्हती ती. पण त्यांच्यापुढे पोरानं तोंड उघडायचं तरी कसं?

अनगोळचा भाऊ:

ताई मग रडतच बसायचं का जन्मभर? जग पुढं चाललंय.

खानापूरची लेक:

मी पुरवणी परीक्षा देऊन पास झाले, डिग्री केली, आज दोन घरं चालवते. रडून झाल्यावरच उठले.

अनगोळचा भाऊ:

माफ कर. तसं म्हणायचं नव्हतं. रूमवरच्या पोराला काय झालंय ते आज नीट विचारतो.

बेसवाला, वडगाव:

तो हनुवटी टेकवून गाणारा पोरगा आमच्याच बँडचा. त्याच्या डाव्या बाजूला बेस गिटार घेऊन उभा होतो तो मी. त्याला हा धागा दाखवला. तो लिहिणार नाही, त्याला विचारून मी लिहितोय.

तुम्ही म्हणता साच्यातलं दुःख. त्याच्या घरी चार यंत्रमाग होते. वडगावात माग म्हणजे काय ते तुम्हाला शहापूरवाल्यांना सांगायला नको, भिंती थरथरतात, खटखटीत जेवायचं, खटखटीत झोपायचं. साड्यांना मागणी घटली, सुताचा भाव वाढला, तीन माग भंगारात गेले. शेवटचा माग विकला त्या रात्री घरात पहिल्यांदा शांतता झाली आणि कोणालाच झोप लागली नाही. तो म्हणतो, रिकामं म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. गाण्यातला रिकामा शब्द तिथला आहे. तुम्हाला तो सिएटलहून आणलेला वाटला.

इंग्रजीत का, हे मीही त्याला विचारलं होतं. म्हणाला, मराठीत लिहिलं तर आईला कळेल.

मान खाली का, तर त्या दिवशी त्याचे वडील मागच्या रांगेत उभे होते.

साउंडवाला, शहापूर:

बेसवाले, कालपासून मी हे कितीदा वाचलं सांगता येत नाही. माझा मामा खासबागात माग चालवायचा. मला कळायला हवं होतं.

त्या पोराबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. उरलेल्या चार गाण्यांबद्दल माझं मत आहे तेच आहे, ते मी लपवत नाही. पण त्याला एक विचार माझ्याकडून. मागाची ती रात्र गाण्यात का नाही? खटखट थांबली, हे गाण्यात का नाही? मी दोन फुटांवरून ऐकत होतो, मला फक्त "रिकामा" ऐकू आलं. माग ऐकू आला असता तर मी मिक्सर सोडून उभा राहिलो असतो. आणि तीनशे पोरांतल्या निम्म्यांच्या घरी कधी ना कधी काहीतरी असंच बंद पडलंय, त्यांनाही कळलं असतं. आईला कळेल याची भीती मला समजते. तरीपण बघा, आईला ते आधीच ठाऊक आहे, ती त्याच घरात जागी होती.

खानापूरची लेक:

दादा, ते त्याचं त्याला ठरवू द्या. कदाचित दहा वर्षांनी मागावर लिहील. आज "रिकामा" एवढंच सांगता येत असेल तर तेवढंच सांगू द्या.

उद्यमबाग दुसरी पाळी:

मागाची खटखट ड्रमवर घ्या. बेस तिच्यावरच चालवा, मध्ये एकदम बंद करा. बघा काय होतंय.

बेसवाला, वडगाव:

हे त्याला वाचून दाखवलं. गप्प बसला, मग म्हणाला, माग दोन मात्रांत नाही चालत, जरा लंगडतो. आणि टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला.

साउंडवाले, आम्हाला सरावाला जागा नाही. घरमालक नको म्हणतो.

साउंडवाला, शहापूर:

माझं गोडाऊन रविवारी रिकामं असतं. अकराला या, भाडं नको. ड्रमचा सेट आहे, बेसचा अँप तुमचा आणा. माइक एसएम ५८ लावून ठेवतो. त्याला सांगा, तोंडापासून दोन बोटं, जास्त नाही. वडिलांना आणायचं की नाही ते त्याच्यावर.